समुद्रातल्या लिंगाण्यावरचं झुडूप

लॉर्ड हाऊ बेटावर माझं स्वागत एका कुत्र्यानं केलं. विमान कसलं, पंखे लावलेली वडापच म्हणायची. सिडनीहून तीसपस्तीस माणसं घेऊन दोनेक तास समुद्रावरून घरघरत येते आणि डोंगर नि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर धपकन टेकते. उतरलो, तर एक बाई दोरीला कुत्रा धरून उभ्या. त्यानं माझ्या बॅगेला नाक लावलं, जरा जास्तच वेळ लावलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. आत सिडनीतल्या भाचीनं बांधून दिलेला पातळ पोह्यांचा चिवडा होता. पण कुत्र्यानं मान फिरवली. त्याला चिवड्याशी कर्तव्य नव्हतं, तो उंदीर शोधत होता. एका उंदराच्या धास्तीनं पाहुण्यांच्या सामानावर कुत्रा सोडणारं गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. ही धास्ती किती रास्त आहे, ते तीन दिवसांत कळलं.

बेट म्हणजे नकाशावर सांडलेला चंद्रकोरीएवढा ठिपका. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर दूर, लांबी दहाअकरा किलोमीटर, रुंदी जेमतेम दोन. वस्ती चारशेच्या आतबाहेर, आणि एका वेळी चारशेहून जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत असा नियम. म्हणजे गावजेवणाला जेवढी पानं मांडतात, तेवढ्यांतच यजमान आणि पाहुणे आटोपले! मोटारी मोजक्या, त्याही ताशी पंचवीसच्या वर न्यायच्या नाहीत. बाकी सगळे सायकलवर. मोबाइलला रेंज नाही. आणि घड्याळाची तर गंमतच. मी गेलो तेव्हा इथली वेळ सिडनीच्याही अर्धा तास पुढे होती. आम्ही भारतीय आधीच अर्ध्या तासाचे लोक, त्यामुळे एप्रिलअखेरच्या त्या दिवसांत आमच्यात आणि त्यांच्यात नेमके पाच तास उरले. मिनिटकाट्याला हातही न लावता मी लॉर्ड हाऊवासी झालो.

"मामा, किडा बघायला कुणी एवढे पैसे घालतं का?" असं भाचीनं मला निघताना विचारलं होतं. तिला काय सांगणार? मी चाळीस वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेच्या कपाटात एक बरणी होती, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या काडीकिड्याची. दरवर्षी नवी मुलं बरणीला डोळे लावून विचारायची, "सर, यात किडा कुठाय?" मेला तरी दिसत नाही असा हा प्राणी. जिवंत तर अंगणातल्या पेरूवर समोर असूनही दिसायचा नाही. पावसाळ्यात एखादी काडी वाऱ्याबरोबर डोलायची, आणि वारा पडला तरी अंमळ जास्तच डोलत राहायची. तेवढाच काय तो पुरावा. वाऱ्याची नक्कल करता करता नटाचं भान सुटावं, तसं ते डोलणं.

या किड्यांच्या गणाला शास्त्रात फॅस्मॅटोडिया म्हणतात. ग्रीक भाषेत 'फॅस्मा' म्हणजे भूत, आभास. प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत तर 'गण' हाच शब्द आहे. त्यामुळे मी वर्गात सरळ 'भूतगण' म्हणायचो, आणि मागच्या बाकावरचेसुद्धा जागे व्हायचे. या भूतगणात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. बहुतेक उष्ण, दमट रानांतल्या. कुणी काडी, कुणी साल, कुणी काटा, कुणी शेवाळ. आणि पानकिडे तर असे, की कडा कुरतडल्याच्या आणि डाग पडल्याच्या खुणांसकट पान होऊन बसतात. पश्चिम अमेरिकेतला टिमेमा बोटाच्या पेराएवढा. चीनमधला एक 2017 साली मोजला, तो पाय ताणून 64 सेंटिमीटर, दोन फुटांच्या वर! सगळे पालाखाऊच. झाडपाल्याशिवाय कशाला तोंड लावत नाहीत.

वर्गीकरण करणाऱ्यांना मात्र या बहुरूप्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चकवलं. दिसण्यावरून कुळं लावावीत, तर दिसणं हेच यांचं सोंग. काडीसारखा दिसला म्हणून काडीच्या कुळात घालावा, आणि पुढे जनुकं तपासल्यावर निघावा भलत्याचाच पाहुणा. 2019 साली जनुकांवरून मोठी वंशावळ मांडली गेली, तेव्हा चित्र उलटंपालटं झालं. रूपापेक्षा गाव महत्त्वाचं निघालं. अमेरिकेकडचे एका बाजूला, आशिया-आफ्रिका-ऑस्ट्रेलियाकडचे दुसऱ्या. आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात, यांच्यात गावावरून आडनाव लावावं लागलं.

आणि अंडी! कित्येक जातींची मादी अंडं जपून ठेवायच्या भानगडीत पडत नाही, झाडावरून खाली टाकून मोकळी होते. अंडी हुबेहूब बियांसारखी. काहींच्या टोकाला खाण्याजोगी बारीकशी टोपी असते. तिच्या लोभानं मुंग्या अंडं वारुळात नेतात, टोपी खातात, अंडं टाकून देतात, आणि आत ते सुखरूप राहतं. जपानात तर शास्त्रज्ञांनी बुलबुलाच्या पोटातून बाहेर पडलेलं अंडंही उबवून दाखवलं. मादीला पक्ष्यानं गिळलं तरी वंश पुढच्या गावाला पोचायची शक्यता आहे! नराचीही अनेकींना गरज नसते. युरोपातल्या शाळांमध्ये आणि प्रयोगशाळांत पाळला जाणारा काडीकिडा मूळचा आपल्या तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरांतला. त्याचं शास्त्रीय वर्णन 1901 सालचं. त्याच्यात आयाच लेकींना जन्म देत आल्या आहेत, बाप औषधापुरताच. त्याच्या चालीचा अभ्यास करून जर्मनीत सहा पायांचे यंत्रमानव बनवले गेले. पळणीच्या डोंगरात बसून त्याला याची गंधवार्ता नसणार.

पण मी आलो होतो तो या सगळ्यांहून वेगळ्या एकासाठी. त्याची पहिली भेट आठवडाभर आधी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात झाली होती. काचेआड मंद उजेडात डोळे सरावेपर्यंत थांबलो, आणि काडी शोधू लागलो. काडी नव्हतीच. होतं ते बोटाहून जाड, वीतभर लांबीला थोडंच कमी पडणारं, काळंकुळकुळीत, पॉलिश केलेल्या बुटासारखं चमकणारं धूड. पंख नाहीत. नराच्या मागच्या मांड्या पैलवानी, वर काटे. याला बेटावरचे जुने लोक जमिनीवरचा लॉब्स्टर म्हणत, आणि ते नाव अगदी चपखल आहे. आमच्या बाजारात पाटीत ठेवला, तर एखादी मावशी "शेवंड कशी दिली?" म्हणून विचारेल. मादीचं वजन पंचवीस ग्रॅमपर्यंत भरतं. किड्याला किलोच्या काट्यावर तोलायची पाळी!

म्हणजे लपणाऱ्यांच्या घराण्यात जन्माला येऊन यानं सोंगच टाकून दिलेलं. कारण सरळ आहे. हा दिवसभर झाडाच्या ढोलीत बसतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. ढोलीत बघणारं कोण? मग काडीसारखं दिसायचा खटाटोप कशाला? लहानपणी मात्र हाच किडा हिरवागार असतो आणि दिवसाढवळ्या पानांत फिरतो. वाढत जातो तसा काळवंडतो आणि निशाचर होतो. पिल्लू अंड्यातून निघतानाची चित्रफीत तिथं पाहिली. डाळीच्या दाण्याहून थोडं मोठं अंडं, त्यातून हिरवं अंग निघतंय, निघतंय, निघतंच आहे. अंगठीतून जाणाऱ्या रेशमी शालीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, इथं शालीला सहा पायही होते. आणखी एक दृश्य मनात राहिलं. ढोलीसारख्या खोक्यात नर-मादी शेजारी शेजारी झोपलेले, आणि नराचे एका बाजूचे तीन पाय मादीच्या अंगावरून पलीकडे टाकलेले. किड्यांत असं काही मी चाळीस वर्षांत शिकवलं नव्हतं. अर्थ काय तो लावू नये, हे शास्त्राला धरून झालं. मी मात्र काचेपाशी उगाच दोन मिनिटं जास्त थांबलो.

ढोली पक्ष्यापासून वाचवते, उंदरापासून नाही. लॉर्ड हाऊवर माणूस येण्याआधी सस्तन प्राणी म्हणाल तर वटवाघळं तेवढी. जून 1918 मध्ये माकाम्बो नावाची बोट इथल्या नेड्स बीचजवळ खडकावर आपटली. ती दुरुस्तीला थांबली, आणि तिच्यातले काळे उंदीर किनाऱ्याला लागले. तोवर हे किडे इतके होते, की कोळी गळाला आमिष म्हणून लावत. 1920 नंतर एकही दिसला नाही. बोट निघून गेली, उंदीर राहिले. पाठोपाठ बेटावरच्या पाच जातींचे पक्षीही संपले. मग उंदरांवर उतारा म्हणून बाहेरून घुबडं आणली, त्यांनी उरलेल्या पक्ष्यांवर ताव मारला. रोग परवडला पण वैद्य नको, अशी गत.

दुसऱ्या दिवशी समुद्र जरा शांत होता, म्हणून नावाड्यानं "आजच चला" म्हटलं. आग्नेयेला 23 किलोमीटर. तासभर पाण्याचे फटके खाल्ल्यावर समोर जे उभं राहिलं, त्याला बॉल्स पिरॅमिड म्हणतात. 1788 साली ते पाहणाऱ्या बॉल नावाच्या आरमारी अधिकाऱ्याचं हे नाव. पिरॅमिड हा शब्द मला पटला नाही. पिरॅमिडला बूड असतं, बसकण असते. हा तर लिंगाणा होता. रायगडाच्या शेजारून उपटून आणून भर समुद्रात रोवलेला, आणि वर आणखी ताणलेला. साडेपाचशे मीटरांहून उंच, आणि बुडाशी रुंदी फक्त तीनशे मीटर. उतरायला वाळूचा एक कणही नाही, थेट लाटेतून कडा. टोकाला ढग अडकलेला, भोवती पक्ष्यांचे थवे, आणि कपारींवर त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ. खडकही ओळखीचा, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा. फक्त सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, आणि हा चौसष्ट लाखांचा पोरगा. पोरगा असूनही समुद्रानं कुरतडून कुरतडून याचा एवढा एकच सुळका शिल्लक ठेवलाय. मला मळमळत होतं. त्यातही मान वर करकरून मी बघत होतो, आणि नावाडी माझ्याकडे बघून हसत होता.

या सुळक्यावर 1964 साली चढू पाहणाऱ्यांना एक मेलेला किडा मिळाला होता. पुढे आणखी काही वाळके अवशेष सापडले. पण जिवंत? आणि खाणार काय, या उघड्या दगडावर? फेब्रुवारी 2001 मध्ये डेव्हिड प्रिडेल आणि निकोलस कार्लाइल हे दोन शास्त्रज्ञ साथीदारांसह इथं उतरले, ते एका परीनं शंका एकदाची मिटवायला. दिवसभर चढले. मिळाले ते रातकिडे. उतरताना एका कपारीत हिरवा ठिपका दिसला. मेलालुका नावाच्या झाडाचं एक झुडूप, खडकातून झिरपणाऱ्या ओलाव्यावर तगलेलं. त्याच्या बुडाशी लेंड्या होत्या, मोठ्या आणि ताज्या. निशाचर किडा भेटायचा तर रात्रीच जायला हवं. कार्लाइल आणि बेटावरचे रेंजर डीन हिस्कॉक्स अंधारात बॅटरी घेऊन तोच कडा पुन्हा चढले. ज्या कड्याकडे दिवसाढवळ्या नावेतून बघताना माझे हात काठाला घट्ट चिकटले होते, तो हे लोक रात्री चढले, लेंड्यांच्या भरवशावर! झुडपावर तीन मिळाले, काळे, चमकते. ऐंशी वर्षं मेलेला प्राणी पानं खात बसला होता. पुढच्या वर्षी नीट मोजदाद झाली, तेव्हा आकडा चोवीसवर गेला. सगळ्या जगात चोवीस, आणि तेही त्या एका कपारीत.

"ते बघा, तिथं," नावाड्यानं बोट दाखवलं. कड्यावर चारपाच ठिकाणी हिरवट काहीतरी होतं. "दिसलं?" मी "दिसलं, दिसलं" म्हणालो. कुठला ठिपका, हे मला आजही सांगता येणार नाही. खडकावर उतरायला खास परवानगी लागते, आणि ती माझ्यासारख्या हवशाला मिळत नाही हेच बरं.

परतीच्या वाटेवर डोकं एकाच हिशेबात अडकलं. जनुकांवरून काढलेलं या किड्याच्या वंशाचं वय दोन कोटी वर्षांच्या वर जातं. लॉर्ड हाऊ बेट जेमतेम सत्तर लाखांचं. भाडेकरू घराहून जुना! उत्तरेकडे समुद्राच्या पोटात बुडालेल्या ज्वालामुखींची एक रांग आहे, तेही एके काळी बेटंच होते. एक बेट बुडत आलं की पुढच्यावर, असं करत हा वंश इथवर आला असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास. तोही पंख नसताना. न्यू गिनीतही असेच जाडजूड लॉब्स्टरी किडे आहेत. सगळ्यांनी त्यांना याचे सख्खे भाऊ मानलं होतं. 2009 साली कळलं की नातं नाही, दोघांनी आपापल्या गावी वेगवेगळं हेच रूप घेतलंय. भूतगण पुन्हा एकदा चकवून गेला.

चोवीस किड्यांतून दोन जोड्या आणायची परवानगी मिळायला दोन वर्षं गेली. कागदाचा वेग सगळ्या देशांत सारखाच. 2003 मध्ये एक जोडी सिडनीतल्या एका खाजगी पाळणाऱ्याकडे गेली, ती दोन आठवड्यांत मेली. दुसरी मेलबर्नला. त्यांची नावं ॲडम आणि ईव्ह ठेवली, आणि थोड्याच दिवसांत ईव्ह अंग आखडून पडली. आता काडीकिड्याचा डॉक्टर कुठून आणायचा? पॅट्रिक होनान या तिथल्या कीटकपालानं अंदाजपंचे औषध घोटलं, कॅल्शियम आणि गोड रस मिसळून, आणि थेंब थेंब तिच्या तोंडाशी धरला. आमची आजी तान्ह्याला मधाचं बोट चाटवायची तसं. ईव्ह उठली. पुढे तिनं अंडी घातली, आणि मेलबर्नला, ब्रिस्टलला, सान दिएगोला, टोरांटोला पुढे जे हजारोंनी निपजले, ते बहुतेक सगळे याच एका जोडप्याचे. सुळक्यावरचे किडे जुन्या बेटावरच्यांपेक्षा थोडे वेगळे दिसायचे, म्हणून ही जात तीच का, अशी शंका होती. 2017 साली संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी जनुकं ताडून पाहिली. तीच निघाली.

मग प्रश्न उरला घराचा. उंदीर असताना परत आणून काय करणार? बेटावर उंदीर मारायची मोहीम काढायची का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. मत घेतलं, तर बाजूनं निम्म्याहून जेमतेम जास्त. चारशे माणसांच्या गावात असा कौल म्हणजे काय, हे ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्याला सांगायला नको. विष आपल्या पोरांच्या, गुरांच्या पोटात जाईल ही विरोधकांची भीती काही वेडगळ नव्हती. 2019 मध्ये अखेर गल्लोगल्ली, घरोघरी आमिषाच्या पेट्या लागल्या, आणि डोंगरांवर हेलिकॉप्टरनं विष टाकलं. त्याआधी वूडहेन नावाच्या, फारसं उडता न येणाऱ्या तपकिरी पाणकोंबड्या धरून पिंजऱ्यांत सांभाळल्या. त्या एके काळी तीसच्याही खाली आल्या होत्या. आता त्या माझ्या सायकलीच्या चाकापुढून हमरस्त्यानं चालतात, आणि घंटी वाजवली तर थांबून माझ्याकडेच बघतात. 2021 मध्ये पुन्हा दोन उंदीर सापडले आणि सगळं गाव हादरलं. विमानतळावरच्या त्या कुत्र्याचा मला मग रागच राहिला नाही.

संध्याकाळी दोन डोंगरांच्या पायथ्याशी, समुद्रकडेनं चालत गेलो. यजमानीणबाईंनी सांगितलं होतं, तिथं उभं राहून मोठ्यानं ओरडा. भर सांजवेळी परमुलखात ओरडायचं म्हणजे संकोचच. पण डोक्यावर शेकडो प्रॉव्हिडन्स पेट्रेल घिरट्या घालत होते. हे समुद्रपक्षी जवळपास सगळे याच बेटावर वीण करतात. घसा खाकरला आणि शेतात पाखरं हाकलताना देतात तशी आरोळी दिली. पाखरं हाकलायची आरोळी, आणि पाखरं खाली आली! एक धपकन पायाशी पडला, दुसरा बुटावर. तिसरा उठून माझ्याकडे बघत राहिला, कशाला बोलावलंत म्हणून. मी खाली बसलो. पाठीवर हात ठेवला, तरी हलला नाही. इतकं न घाबरणं पाहून मीच घाबरलो. त्या काळ्या किड्याला माकाम्बो येईपर्यंत कशाची सवय होती, ते तेव्हा उमगलं.

शेवटच्या रात्री जेवण आटोपून बॅटरी घेतली आणि जवळच्या वडापाशी गेलो. हो, वडच. या बेटाचा स्वतःचा वड आहे, पारंब्या सोडत सोडत एकाचे पन्नास झालेला. पार तेवढा नव्हता. एका जुन्या बुंध्याला छातीएवढ्या उंचीवर ढोली होती. या झाडांत तो काळा किडा असणं शक्य नाही, हे मला चाळीस वर्षं शिकवलेल्या विषयाच्या जोरावर पक्कं ठाऊक होतं. तरी झोत आत टाकला. ओला काळोख, कोळ्याचं फाटकं जाळं, आणि ढोलीच्या ओठाला काळपट, लांबट काहीतरी. झुळूक आली, ते हललं. झुळूक थांबली. ते अंमळ जास्तच हलत राहिलं. काटकीनं उचकून बघावं म्हणून मी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.